सुकलाल नानांचे अडीच तास

सन दोन हजार सतरा. केळीच्या मृगबागेची, म्हणजे जूनमधली, लागवड नुकती आटपली होती आणि सुकलाल नाना तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. बऱ्हाणपूरजवळच्या फोपनारात त्यांचं शेत आणि माझं शेत यांच्यामध्ये एक बांध, बांधावर एक निंब, आणि त्या निंबाखाली चाळीस वर्षं आम्ही दुपारची भाकरी सोडली. नानांना जाऊन आता दीड वर्ष झालं. इथेच गेले, आपल्या ओसरीवर. तापीच्या काठी आम्ही त्यांना पोचवलं. त्यांच्याबद्दल कोणी तरी लिहायला पाहिजे होतं. शिकलेल्या लोकांना फुरसत नाही, म्हणून मी लिहितो. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, तेव्हा चुका निघतील. निघू द्या. नानांना मी पाहिलं आहे, तुम्ही नाही.

नाना चालायला लागले की त्यांच्यासोबतच्या माणसाला अर्धं धावावं लागायचं. अंगात पांढरा सदरा, आणि त्याच्यावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग. तो डाग साबणाने जात नाही, मरेपर्यंत राहतो. वहिनी, म्हणजे नानांची बायको सुमनवहिनी, नव्या सदऱ्यासाठी भांडायच्या. नाना म्हणायचे, "नवा घेतला तर दोन दिवसांत हाच होणार. मंग ह्यालेच नवा समज."

केळीतलं त्यांना जे कळायचं ते आजच्या डिग्रीवाल्याला कळत नाही. व्यापाऱ्याचा माणूस घडाला हात लावून, केळं मोडून, आतून बघून सांगायचा. नाना दोन झाडं लांब उभं राहून सांगायचे, "हा आज. तो आठ दिवसांनी. आन् त्या मागच्याले हातच लावू नको, तो अजून आईच्या कडेवर हाय." कोणी पोरकट बोललं की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "तुझं तर अजून कमळबी निघालं नाही, घडाच्या गोष्टी काहून करतो?" कमळ म्हणजे केळफूल, घडाच्या आधी येतं ते. घड कापताना डावा हात घडाखाली, उजव्या हातात विळा, एकच वार. दुसरा वार करावा लागला तर विळा खाली ठेवून पाच मिनिटं बसायचे. म्हणायचे, झाडाला दोनदा दुखवलं. आणि स्वतः केळं खायचे नाहीत. नैवेद्याचं केळंसुद्धा माझ्या हातावर ठेवायचे.

त्या वर्षी वहिनींच्या ध्यानात एक गोष्ट आली. नाना बसले की त्यांचा उजवा अंगठा बोटावर फिरायचा, जसं कोणी तंबाखू मळतं. आता हा माणूस निर्व्यसनी. चहासुद्धा एकच वेळ. वहिनींनी सदऱ्याचे खिसे तपासले, गादी उचलून पाहिली, शेवटी मला विचारलं, "भाऊजी, खरं सांगा, तुमीच लावली ना त्यांले तंबाखू?" मी निंबाखाली नानांना विचारलं तर त्यांनी हात समोर धरला. हातात काहीच नव्हतं, आणि अंगठा चालूच.

"मी नाही हालवून राह्यलो," नाना म्हणाले. "तो आपल्या मनानं हालून राह्यला."

बऱ्हाणपूरच्या डॉक्टरने जळगावला पाठवलं. तिथे एक डॉक्टरीणबाई आहेत, मेंदूच्या. त्यांनी नानांना चालवलं, बोटं आपटायला लावली, कागदावर नाव लिहायला लावलं. नाव लिहिता लिहिता अक्षर मुंगीएवढं झालं. बाई म्हणाल्या, कंपवात. पार्किन्सन. दिवसातून तीन गोळ्या दिल्या.

ती गोळी लागली म्हणजे काय लागली! महिन्याभरात नाना पहिल्यासारखे. तळहातावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून मला दाखवायचे, थेंब सांडायचा नाही. वहिनी रोज सकाळी गोळीसोबत पेलाभर म्हशीचं दूध द्यायच्या, कारण इंग्रजी औषध गरम पडतं हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. म्हैस माझी. दूध माझ्या घरून जायचं, आणि मला त्याचा अभिमान होता.

चार-पाच वर्षं तशी गेली. मग गोळी आखूड व्हायला लागली.

नानांना घड्याळ लावायची सवय नव्हती. ते गोळी जागेवरून मोजायचे. पहिल्या वर्षांत घरून निघून सगळी बाग फिरून जेवायला परत येईपर्यंत एक गोळी पुरायची. मग म्हणायला लागले, "रामदास, आजकाल गोळी निंबाशी सरते." पुढच्या वर्षी ती मोटरीच्या खोलीपाशी सरायला लागली. मोटरीची खोली निंबाच्या अलीकडे आहे. सरली की पाय जमिनीला चिकटायचे. आवाज बारीक व्हायचा. चेहऱ्यावरचं सगळं पुसलं जायचं. हसू नाही, राग नाही, काही नाही. आतला माणूस जागा, पण दार बाहेरून कडी लावल्यासारखं. दुसऱ्या गोळीची वेळ होईपर्यंत तिथेच, उभे तर उभे, बसले तर बसले.

सगळ्यांत जास्त घरच्या उंबऱ्यावर अडकायचे. ओसरीवरून आत जायचं तर उंबऱ्याशी आले की पाय थरथर थरथर, पण उचलायचा नाही. मागे वहिनी ताट घेऊन उभ्या. नाना म्हणायचे, "थांब. मालक विचार करून राह्यला." मालक म्हणजे पाय. पण गंमत बघा. तोच माणूस बागेत गेला की, गोळी नसतानासुद्धा, ठिबकच्या नळ्या एकामागून एक ओलांडत जायचा. प्रत्येक ओळीला एक काळी नळी आडवी, आणि प्रत्येक नळीवरून पाय बरोबर उचलला जायचा. सपाट जागेत अडकायचे आणि आडव्या नळीवरून चालायचे. मला ते ढोंग वाटलं होतं. तसं मी एकदा बोललोही. नाना म्हणाले, "मले बी ढोंगच वाटते. पण करून कोण राह्यलं ते समजत नाही."

गोळी कमजोर झाली याचा अर्थ नानांनी आधी सरळ लावला, की माल नकली आहे. एक दिवस मला मोटरसायकल काढायला लावली, स्वतः मागे बसले आणि आम्ही बऱ्हाणपूरला इतवारा भागातल्या मेडिकलवर गेलो. दुकानात गर्दी. नानांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर टाकली.

"ह्या कार्बाइडच्या गोळ्या हायेत."

मेडिकलवाला म्हणाला, "दादा, कार्बाइड गोली में कौन डालेगा?"

"केळात कोन टाकते? वरून पिवळं धमक, आतून कच्चं. तुझी गोळीबी तशीच. वरून चमकते, आत जोर नाही. पहिली बाग गेली, मंग निंब गेला, आता मोटरीपर्यंत येऊन राह्यली. उद्या संडासापर्यंत पुरणार नाही."

दुकानातले लोक हसले. मेडिकलवाल्याने कंपनी दाखवली, तारीख दाखवली, बिल दाखवलं. नाना ऐकेनात. त्यांनी दुकान बदललं. नव्या दुकानातली गोळीही मोटरीपाशीच सरायला लागली.

मग त्यांनी आपल्या मनाने डोस वाढवला. बऱ्हाणपूरच्या लालबागला पुतणीचं लग्न होतं. मांडवात अडकून पडायला नको म्हणून निघताना दोन गोळ्या एकदम घेतल्या. मांडवात गेल्यावर अंग आपोआप डोलायला लागलं. मान एकीकडे, खांदा दुसरीकडे, पाय स्वस्थ नाही, जशी वाऱ्यात केळीची पानं. वरपक्षाचा एक माणूस जवळ आला, नानांच्या तोंडाचा वास घेतला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. "काकाजी सुबह से ही चालू?" मी त्याची कॉलर धरली असती. नानांनी मला हाताने मागे केलं आणि त्याला म्हणाले, "हो बेटा. पण एकट्यानंच प्यायलो, तुले इचारलं नाही, माफ कर." त्या दिवसापासून लग्नकार्याला जाणं बंद.

आता मी माझ्यावर येतो. येणं भाग आहे.

दोन हजार तेवीसच्या हिवाळ्यात, निंबाखाली, भाकरी झाल्यावर मी नानांना म्हणालो, "नाना, मी सांगू का? गोळी नकली नाही. डोसबी कमी नाही. तुमच्या अंगाला सवय झाली."

"कशी सवय?"

"माझं खालचं शेत आठवतं? केळीवर केळी, युरियावर युरिया. शेवटी कितीबी टाका, पान हिरवं होईना. जमिनीले सवय झाली होती. मंग एक वर्ष पड ठेवलं, काहीच लावलं नाही. पुढच्या साली घड पाह्यले ना तुमी?"

"पाह्यले."

"मंग? सहा वर्षं झाली, एकच खत चालू आहे. आठ दिवस पड ठेवा."

नानांनी भाकरीचा डबा बांधला. "शेताले पड ठेवता येते रामदास. माणसाले?"

"माणूस काय मातीचा नाही का?"

हे मी बोललो. मोठ्या रुबाबात बोललो. माझ्या शेतात मी कधी कुणाचं ऐकलं नाही आणि माझं शेत कधी फसलं नाही, म्हणून माझ्या बोलण्याला वजन होतं. नानांनी दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. वहिनींनी विचारलं तेव्हा सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, आठ दिवस आराम द्या. आयुष्यात त्यांनी वहिनींशी बोललेलं हे एकच खोटं मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी ते बागेत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुशीवर वळता येईना. चौथ्या दिवशी मी गेलो तर खाटेवर उताणे पडलेले, हात छातीशी वळलेले, लाकूड. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"अजून चार दिवस ना?"

मी म्हणालो, "धीर धरा नाना. पडीत पहिल्यांदा तणच दिसते."

हे वाक्य मला रोज ऐकू येतं.

पाचव्या दिवशी ताप चढला. पाणी गिळता येईना, तोंडातून बाहेर यायला लागलं. नानांचा मुलगा विजय इंदूरला नोकरीला आहे, तो गाडी घेऊन धावत आला आणि आम्ही नानांना जळगावला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, गोळी शेवटची कधी घेतली? वहिनी म्हणाल्या, तुम्हीच तर बंद करायला सांगितली. बाईंचा चेहरा पांढरा पडला. "मी? ही गोळी अशी एकदम बंद केली तर माणूस जातो. कोणी सांगितलं हे?"

तीन दिवसांनी नानांचा ताप उतरला, नळीतून पोटात गोळ्या गेल्या, जीभ हलायला लागली. तेव्हा विजयने खाटेजवळ उभं राहून विचारलं, "बाबा, सच बताओ. कोणी सांगितलं तुम्हाला?" मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. वहिनी होत्या, बाई होत्या.

नाना छताकडे बघत होते. "कोनी नाही. माझ्या मनानं केलं."

मी तोंड उघडलं नाही.

निघायच्या दिवशी नानांनी बाईंना विचारलं, "बाई, माझ्या मनानं केलं, चुकलं. पण मंग गोळी कमजोर काहून पडली, ते तं सांगा. मेडिकलवाला चोर नाही, तुमी चोर नाही, सवयबी नाही म्हणता."

बाई स्टूल ओढून बसल्या. "आजोबा, बागेला पाणी कसं देता?"

"लाइट आली की मोटर लावतो. हौद भरतो. हौदातून ठिबक चालते."

"लाइट गेली तर?"

"हौदात असते ना. दिवसभर चालते."

"आणि हौदाला भेगा पडल्या तर?"

नाना म्हणाले, "तर मोटर चालू तोपर्यंतच पाणी. मोटर बंद, ठिबक बंद."

"झालं. तुमच्या डोक्यातला तो हौद आहे. पहिल्या वर्षांत त्यात साठवण होती. गोळी आली की हौदात भरायची आणि हळूहळू सुटायची, म्हणून तीन गोळ्यांत दिवस निघायचा. आजाराने हौदाच्या भेगा वाढत गेल्या. गोळी आजही तेवढंच पाणी आणते, पण साठत नाही. ती रक्तात आहे तोपर्यंत तुम्ही चालता, ती सरली की अडकता. आणि दोन एकदम घेतल्या तर पाणी उसळून वाहतं, तेव्हा तुम्ही डोलता. गोळी म्हातारी झालेली नाही, तिची सवयही लागलेली नाही."

"हौद दुरुस्त होते का?"

"नाही," बाई म्हणाल्या. मला त्या बाईंचं हे आवडलं, लपवलं नाही. "पण मोटर थोडी थोडी, जास्त वेळा लावता येते." तीनच्या जागी पाच वेळा गोळी लिहिली, मात्रा लहान केली, सोबत दुसरी एक दिली. मग विचारलं, गोळी कशासोबत घेता?

वहिनी तोऱ्यात म्हणाल्या, "म्हशीच्या दुधासोबत. साय काढत नाही मी."

बाईंनी कपाळाला हात लावला. दूध, डाळ यांतलं जे अंग भरवतं ते प्रोटीन आणि ही गोळी एकाच दाराने आत जातात, दाराशी गर्दी झाली की गोळी बाहेर ताटकळते, असं त्यांनी समजावलं. गोळी पाण्यासोबत, जेवणाआधी अर्धा तास. दूध नंतर प्या. वहिनी रडायला लागल्या, की मीच सहा वर्षं गोळी बाहेर ठेवली. बाई म्हणाल्या, तुमच्यामुळे आजार वाढला नाही, थोडा अडथळा झाला एवढंच.

परत येताना नाना म्हणाले, "विजय, गाडी इतवाऱ्यातून घे." पहिल्या मेडिकलसमोर गाडी थांबवली. खाली उतरवून घेतलं, काउंटर धरून उभे राहिले आणि भर दुकानात म्हणाले, "भाऊ, तुमची गोळी खरी होती. मी खोटं बोललो." मेडिकलवाल्याने बाहेर येऊन त्यांचा हात धरला. मी गाडीत बसून होतो. नानांना ते दोन शब्द बोलायला काहीच जड गेलं नाही, आणि मी तसलेच दोन शब्द चार दिवसांपासून मनात घेऊन बसलो होतो.

नवीन हिशोबाने एक गोळी अडीच तास चालायची. लागायला अर्धा तास, मग अडीच तास नाना मोकळे, मग परत कडी. ते अडीच तास त्यांनी वाटून घेतले. सकाळच्या गोळीत बाग. त्यानंतरच्या गोळीत आंघोळ आणि दाढी, दुपारच्या गोळीत निंब. चौथ्या गोळीत गावातली माणसं आणि कामाची बोलणी, कारण तेव्हा आवाज मोठा निघायचा. शेवटची फक्त झोपायला. मी विचारलं होतं, अडकून असता तेव्हा काय करता? म्हणाले, "बसून राहतो. खिडकीतून लोक दिसतात. आपल्या पायांनी जाऊन राह्यले आन् त्यांले माहीतच नाही."

मार्च महिन्यात विजय परत आला. ओसरीवर बसून त्याने सरळ सांगितलं, आई-बाबांना इंदूरला नेतो, चौथ्या माळ्यावर फ्लॅट आहे, बाग बटाईने, म्हणजे वाट्याने, देऊन टाकू.

नाना म्हणाले, "मी इथंच बरा हाय. बागेत पाय चालतात माझे."

"बाबा, बात पायांची नाही. बात भरोशाची आहे. तुम्ही अपने मन से गोळी बंद केली. आईशी झूठ बोलले. परत केलं तर? इथे कोण पाहील?"

मी म्हणालो, "मी आहे ना विजय. मी बांधावरच असतो."

"काका, तुम्ही तेव्हाही बांधावरच होतात," विजय म्हणाला. रागाने नाही, आदरानेच. "तुम्हालासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नाही. तुम्हाला समजलं असतं तर तुम्ही रोकलं नसतं का?"

वहिनी होकाराची मान हलवत होत्या. नाना माझ्याकडे बघत होते. गोळी सरत आली होती, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मी म्हणालो, "हो. रोकलंच असतं." आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली मी त्यांना विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं?

"तुझं नाव सांगून माझा हौद भरनार होता का? आन् गावात दोन मूर्ख एकदम काहून जाहीर करायचे? एक पुरे."

"तुम्ही सांगा त्याला. मी नाही म्हणणार नाही."

"मी नाही सांगनार," नाना म्हणाले. "ते माझं काम नाही."

मग ते काम कोणाचं होतं, ते मला कळत होतं. पण चाळीस वर्षं ज्या गावात माझा शब्द चालला, त्या गावात त्या पोराला सांगायचं की तुझ्या बापाला मी मारायला निघालो होतो! आज सांगू, उद्या सांगू. पंधरा दिवस गेले. जायचा दिवस ठरला.

त्या सकाळी नानांचं एकच मागणं होतं. ओसरीवरून गाडीपर्यंत आपल्या पायांनी जायचं. गाव बघत असेल तर बघू दे, पण चालताना बघू दे. त्यासाठी त्यांनी सहाची गोळी बरोबर सहाला घेतली आणि विजयला सांगितलं, साडेसहा ते नऊच्या आत केव्हाही निघ. विजय म्हणाला, सात वाजता निघू.

सात वाजता वहिनींच्या माहेरची माणसं आली. आमच्याकडे कोणी निघालं की चहा झाल्याशिवाय, ओवाळल्याशिवाय, हातावर दही ठेवल्याशिवाय हलता येत नाही. प्रत्येक घरातून एक बाई ताट घेऊन आली. नाना म्हणत होते, "दही नको, गोळीले आड येते," तर बायका म्हणाल्या, शकुनाला नाही म्हणू नये. पातेली गाडीत गेली, परत निघाली, लोणच्याची बरणी फुटेल म्हणून दुसरीकडे लागली. गाडीवर गादी बांधायची दोरी सापडेना. नाना खुर्चीवर बसून निघा म्हणत होते. आठ वाजता जोरात म्हणत होते. साडेआठला हळू. नऊला त्यांचा आवाज मलाही ऐकू येईना.

नऊ वाजून गेल्यावर विजय म्हणाला, "चला बाबा."

नाना उठले. ओसरीच्या काठापर्यंत आले. पायऱ्या दोनच, पुढे अंगण, पुढे गाडी. सगळं फोपनार उभं. आणि पाय चिकटले. थरथर थरथर, पण उचलेना. कोणी तरी म्हणालं, उचला. नानांनी मान हलवली, नको. घाम फुटला होता. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्यांच्यासमोर पायरीवर बसलो आणि माझा पाय आडवा टाकला. "नाना, ओलांडा. नळी समजा."

त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "मानसाले ओलांडत नाहीत रामदास."

अजून काही मिनिटं तशीच गेली, दुसऱ्या गोळीला अजून तास होता. शेवटी विजयने त्यांना उचललं. त्याचा दोष नाही, ऊन वाढत होतं, वहिनी गाडीत बसून रडत होत्या. मजूर घड खांद्यावर टाकून बागेतून बाहेर काढतो तसं त्याने बापाला खांद्यावर टाकलं आणि चालत गेला. नानांचं तोंड मागे, माझ्याकडे. त्या चेहऱ्यावर राग होता का, लाज होती का, मला माफ केलं होतं का, काही कळलं नाही. तो चेहरा बोलतच नव्हता. मी गाडीच्या काचेजवळ गेलो. त्यांनी ओठ हलवले, मी कान लावला.

"खालच्या वाफ्यातले पिलं कापून घेजो. एक ठेव. बाकी झाडाले पितात."

एवढंच, केळीच्या बुडाशी फुटलेल्या कोंबांचं. गाडी बऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागली. त्या दिवशी मी जेवलो नाही आणि बागेतही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी इंदूरला गेलो, चार माळे पायांनी चढलो, विजयने दार उघडलं तेव्हा तो "काका, आत या" म्हणायच्या आधीच, चपला पायात असताना, त्याला सांगितलं की तुझ्या बापाच्या गोळ्या मी बंद करायला लावल्या. नाना आपल्या ओसरीवर परत आले ते त्याच्यानंतर.